मदत हवी आहे: सिनॅमन रोल सकाळपर्यंत दगड होतात

केतकी_बन | गुरुवार, सकाळी ११:२०

तिसऱ्यांदा केले, तिसऱ्यांदा तेच. ओव्हनमधून काढल्यावर बरे लागतात, तीन-चार तासांत कडक, आणि सकाळी तर चहात बुडवल्याशिवाय तुटत नाहीत. वरचं ग्लेझही पाण्यासारखं ओघळून ताटलीत जमा होतं. पाककृती जशीच्या तशी केली आहे. यीस्ट छान फुगतं, पीठही दुप्पट होतं, त्यामुळे कृपया यीस्टबद्दल सांगू नका. रविवारी लेकीचा बारावा वाढदिवस आहे, केकऐवजी हेच हवेत म्हणून हटून बसली आहे. काय चुकतंय ते लवकर सांगा.

दुपारचा_चहा | ११:३१

पाककृती कोणती? अंडं घातलंत की बिनअंड्याचे? ओव्हन की मायक्रोवेव्हचं कन्व्हेक्शन? किती तापमान, किती वेळ? यातलं काहीच लिहिलेलं नाहीत.

अण्णा_सातारकर | ११:४०

यीस्ट मेलेलं असणार. दूध फार गरम झालं की मरतं. बोट घालून पाहावं, कोमट लागलं पाहिजे. मी पाकीट फोडलं की फ्रीजरमध्ये ठेवतो, सहा-सहा महिने काही होत नाही.

केतकी_बन | ११:४४

अण्णा, पीठ दुप्पट होतं असं वर लिहिलं आहे. यीस्ट मेलं असतं तर फुगलं असतं का?

@दुपारचा_चहा, बिनअंड्याचे. ४ कप मैदा, सव्वा कप दूध, पाव कप साखर, बटर, २ चमचे इन्स्टंट यीस्ट. साधा ओटीजी. २०० वर, वरून लाल होईपर्यंत.

बेळगावी_लोणी | ११:५८

लाल होईपर्यंत म्हणजे किती मिनिटं?

केतकी_बन | १२:०३

३५ असतील. घड्याळ लावलं नव्हतं.

बेळगावी_लोणी | १२:१०

मग अर्धं उत्तर तिथेच आहे. १८०, दोन्ही रॉड चालू, मधली जाळी, २० ते २२ मिनिटं. वरचा रंग फिका सोनेरी दिसला की काढायचे. जास्त वेळ ठेवले की आतलं पाणी उडून जातं, आणि ते गेलं की ग्लेझ लावून परत येत नाही. रोल ट्रेमध्ये कसे मांडता?

केतकी_बन | १२:१४

सुटे सुटे, नानकटाईसारखे. चिकटू नयेत म्हणून.

बेळगावी_लोणी | १२:१९

चिकटायलाच हवेत. काठ असलेल्या टिनमध्ये बोटभर अंतराने लावा. दुसऱ्यांदा फुगल्यावर एकमेकांना टेकतात, मग बाजू भाजून कडक होत नाहीत. सुटे ठेवले की चारी बाजूंनी कवच धरतं. लादीपावाची कड मऊ का असते, आठवा.

सई_स्टॉकहोम | १३:०२

इथे स्वीडनमध्ये कानेलबुल्लेवर, म्हणजे इथल्या सिनॅमन रोलवर, ग्लेझ नसतंच, वर जाड दाण्यांची साखर भुरभुरतात, आणि पिठात वेलची घालतात. वेलची आपल्याला इतकी ओळखीची आहे, तर दालचिनीवरच का अडायचं? ४ ऑक्टोबरला इथे कानेलबुल्लेचा दिवस असतो, १९९९ पासून. एकदा वेलचीचे करून बघाच.

केतकी_बन | १३:०८

सईताई, पुढे कधी नक्की करेन. लेकीला पांढरं ग्लेझच हवं आहे.

रानातली_वाट | १३:३०

दालचिनी कुठली वापरता? किराणा दुकानात मिळते ती बहुतेक कॅशिया असते, जाड आणि एकाच पदराची. सिलोनची दालचिनी पातळ पापुद्र्यांची, हाताने चुरडते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात आमच्याकडे परसात आहे. साल काढतानाच घरभर वास सुटतो.

अण्णा_सातारकर | १३:४१

दालचिनी पिठातच मिसळत असाल तर थांबा. ती यीस्टची वाढ रोखते. दालचिनी फक्त सारणात.

केतकी_बन | १३:४५

सारणातच घालते. दगड का होतात, कोणी सांगेल का?

पोळपाट_लाटणं | १४:२०

ताई, दोन गोष्टी सांगा. मैदा कपात कसा भरता, आणि मळून झाल्यावर पीठ कसं असतं?

केतकी_बन | १४:२६

कप डब्यात बुडवते, थोपटते, वरून सपाट करते. पीठ आधी फार चिकटतं, हाताला ओढत राहतं, म्हणून मैदा भुरभुरवत जाते. शेवटी घडीच्या पोळीच्या कणकेसारखा छान गोळा होतो.

पोळपाट_लाटणं | १४:३८

सापडलं. वजनकाटा असेल तर तुमच्या पद्धतीने एक कप भरा आणि तोला.

केतकी_बन | १४:५५

१५८ ग्रॅम.

पोळपाट_लाटणं | १५:१०

चमच्याने हलका भरलेला कप साधारण १२५ ग्रॅम होतो. म्हणजे पाककृतीला ५०० ग्रॅम हवा होता आणि तुमचा ६३० च्या वर गेला, भुरभुरवलेला आणखी वेगळा. दूध मात्र तेवढंच. दगड व्हायला एवढं पुरतं.

आता हाताचं सांगते. घडीच्या पोळीची कणीक डोळ्यांसमोर आणूच नका. पुरणपोळीची आणा. तिला आपण मैदा लावत बसतो का? सैल भिजवतो, झाकून ठेवतो, मग तेलाचा हात लावून तिंबत राहतो. आधी बोटांना चिकटते, दहा मिनिटांनी परात सोडते, आणि चिमूट ओढली की तुटायच्या आत दोरीसारखी लांबते. हे पीठ तसंच व्हायला हवं. भिजवून २० मिनिटं झाकून ठेवा, मग बटर थोडं थोडं घालत १२ ते १५ मिनिटं तिंबा. हात चिकटला तर तूप लावा, मैद्याच्या डब्याकडे जायचं नाही. लहानसा तुकडा दोन्ही हातांनी ताणला तर पातळ पडदा धरला पाहिजे, पलीकडचा उजेड दिसला पाहिजे.

टोकियो_ते_ठाणे | १५:३३

पीठ सैल ठेवलं तरी बिनअंड्याचे रोल दुसऱ्या दिवशी सुकणारच. तांगझोंग करा. ५०० ग्रॅममधला ३० ग्रॅम मैदा १५० मिली दुधात मंद आचेवर सतत ढवळायचा. चमच्याची रेघ तळाशी राहिली की गॅस बंद, साधारण ६५ अंशांना होतं. गार करून उरलेल्या ४७० ग्रॅम मैद्यात १८० मिली दुधाबरोबर घालायचं. शिजलेला मैदा पाणी धरून ठेवतो. दोन दिवस मऊ राहतात.

पोळपाट_लाटणं | १५:४१

त्याची गरज नाही. माझी आई मैद्याची गोड रोटी करायची, असलं काही न शिजवता दुसऱ्या दिवशीही मऊ.

टोकियो_ते_ठाणे | १५:४६

ती तव्यावरची, तेलात तिंबलेली. ही ओव्हनची. दोन्हींचं पाणी सारखं उडत नाही. रविवार जवळ आला आहे, ताईंना पुन्हा जोखीम कशाला?

पोळपाट_लाटणं | १५:५२

म्हणूनच सांगते. आजवर न केलेली गोष्ट वाढदिवसाला कशाला? आधी वजन सांभाळा.

मडगावचो_पोदेर | १६:१५

गोव्यात पूर्वी पाव फुगवायला माडाची सूर (माडी) घालत. त्या पोयची, म्हणजे गोव्याच्या पावाची, चव आता सगळीकडे मिळत नाही. विषय वेगळा आहे, पण पिठाचं निघालं म्हणून लिहिलं.

दुपारचा_चहा | १६:४०

ग्लेझचं कोणी सांगितलंच नाही. १२० ग्रॅम आयसिंग शुगर, दूध फक्त ४-५ चहाचे चमचे, चिमूटभर मीठ. चमच्यावरून जाड फितीसारखं पडलं पाहिजे. रोल ओव्हनमधून काढून दहा मिनिटं थांबा, अर्धं ओता, ते आत मुरेल. उरलेलं पूर्ण गार झाल्यावर, ते वर पांढरं राहील. एकदम गरमावर सगळं ओतलं की ओघळणारच. आणि सारणातलं बटर वितळवू नका, नुसतं मऊ हवं. वितळवलं की सगळं टिनच्या तळाशी जातं.

केतकी_बन | शुक्रवार, रात्री १०:५०

काट्यावर तोलून अर्ध्या मापाचे करून पाहिले, तांगझोंग घालून. पोळपाट ताई, रागावू नका, तिंबणं तुमच्याच पद्धतीचं. आठव्या-नवव्या मिनिटापर्यंत वाटत होतं की हे काही सुटत नाही, मैद्याच्या डब्यावर हात गेला होता. मग एकदम परातीचा तळ स्वच्छ दिसला आणि गोळा हातात आला, गार आणि मऊ, कानाच्या पाळीसारखा. सुरीने कापले तर चेपत होते, शिवणाचा दोरा खालून घालून वर गाठ मारल्यासारखा ओढला, सुबक गोल निघाले. १८० वर २१ मिनिटं. दुपारी ३ ला काढले, आत्ता लेकीने एक उलगडला, पट्टी न तुटता पूर्ण सुटत गेली.

आता शेवटचं. रविवारी सकाळी ९ ला मुली येणार आहेत. पहाटे ४ ला उठून मळायला लागेल का?

बेळगावी_लोणी | शुक्रवार, रात्री ११:०५

नाही. शनिवारी रात्री रोल कापून टिनमध्ये लावा, घट्ट झाका आणि लगेच फ्रीजमध्ये. रविवारी साडेसहाला बाहेर काढा. थंडी असेल तर बंद ओटीजीत गरम पाण्याच्या वाटीशेजारी ठेवा. एकमेकांना टेकून फुगले की टिन आणि वाटी बाहेर काढा, मगच ओटीजी तापवायला लावा. फ्रीजमधून थेट भाजायला घालू नका, मधला रोल कच्चा राहतो.

अण्णा_सातारकर | शुक्रवार, रात्री ११:१२

आणि दूध कोमटच घ्या. लेकीला आशीर्वाद.