सिंधुदुर्गात तालुके आठ हवेत की सहा?

पाणंद
सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ ला ८,६८,८२५ होती, २०११ ला ८,४९,६५१ भरली. दहा वर्षांत १९ हजार माणसं घटली, तालुके मात्र आठच. वैभववाडीत ४३,८४५ आणि दोडामार्गात ४८,९०४ माणसं. दोन्ही मिळून ९२,७४९. एकट्या मालवणातच १,११,८०७ आहेत. तरी दोन्हीकडे तहसील, पंचायत समिती, भूमी अभिलेख असा सगळा संसार. पद रिकामं राहिलं की अतिरिक्त कार्यभार, म्हणजे साहेब आज इथे, उद्या तिथे. माझ्या मते दोडामार्ग पुन्हा सावंतवाडीत आणि वैभववाडी कणकवलीत घालावी. सावंतवाडी १,९६,३७० होईल, कणकवली १,७९,१४०. बारामती तालुका तर चार लाखांच्या वर आहे.

फेरफार
साफ अमान्य. बारामतीचा दाखला इथे लागूच होत नाही. आपल्याकडे एक गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, आणि सातबारा सामाईक. एका गटावर, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्यावर, तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. वारसाची नोंद घातली की सगळ्यांना नोटीस, हरकतीला १५ दिवस. एकाने जरी हरकत घेतली तरी नोंद तक्रारी केसच्या रजिस्टरात जाते आणि तारखा सुरू. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५ खाली दावा तहसीलदारांपुढे, शिवाय स्थळपाहणी. ऑनलाइन उतारा मिळतो, पण अडवलेली वाट ऑनलाइन मोकळी होत नाही. दोडामार्गाकडच्या तिलारी खोऱ्यातल्या माणसाने प्रत्येक तारखेला सावंतवाडी गाठायची का? तारीख पुढे ढकलली की दिवसाची मजुरी गेलीच.

पाणंद
त्यासाठी अख्खं तहसील कशाला? आठवड्यातला एक ठरलेला दिवस महसूल मंडळाच्या, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या, ठिकाणी सुनावणी घ्या.

फेरफार
ठरलेला दिवस पहिल्या अतिवृष्टीतच मोडतो. त्या आठवड्यात सगळी यंत्रणा पंचनाम्यांवर असते.

खानेसुमारी
दोघेही २०११ चा आकडा धरून भांडताय, तो आकडा कसा आला तेही बघा. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. माणूस जिथे नेहमी राहतो तिथे मोजला जातो, त्यामुळे गणपतीला घर उघडणारा चाकरमानी मुंबईत धरला गेला. हजार पुरुषांमागे १०३६ बायका निघाल्या त्या यामुळेच. पण त्याची जमीन गावातच आहे आणि तिचं काम तहसीलला येतंच. डोकी मोजून कामाचा बोजा कळत नाही. किती फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदी) पडले आणि किती दावे चालू आहेत ते मोजा.

शिवाय जनगणनेसाठी १ जानेवारी २०२६ ते ३१ मार्च २०२७ हद्दी गोठवल्या आहेत. तोवर तालुका जोडताही येत नाही, तोडताही येत नाही.

पाणंद
बोजा मोजायचा मुद्दा पटला. मग निदान तलाठी सजे, म्हणजे एकेका तलाठ्याकडची गावं, तरी नव्याने लावा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४ प्रमाणे गावांचे सजे आणि सज्यांची मंडळं जिल्हाधिकारीच लावतात, मंत्रालयात फाइल न्यावी लागत नाही. आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती घ्यायच्या, एवढंच.

फेरफार
सज्यांना माझी हरकत नाही. फक्त नकाशावरचं अंतर धरू नका, पावसाळ्यात ओहोळाला पाणी असताना पायी किती वेळ लागतो ते धरा. आणि दोडामार्गाचं तहसील हलवायचा मसुदा निघाला तर पहिली लेखी हरकत माझी असेल.