‘शिनवाझरी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: जुन्या इंग्लिश फुलदाण्यांवरचा लेख मराठीत लिहिते आहे. ‘शिनवाझरी’ (chinoiserie), म्हणजे युरोपात चिनी धाटणीने काढलेली नक्षी, या शब्दापाशी अडले. ‘चिनी मातीच्या फुलदाणीवरची चिनी नक्षी’ चालेल का?

उत्तर: कृपया नको. लोणच्याच्या बरणीपासून कपबशीपर्यंत सगळ्यालाच आपण चिनी माती म्हणतो, त्यामुळे वाचकाला ते पोर्सेलिन (पांढरं, काचेसारखं कठीण भाजलेलं) वाटेल. सतराव्या शतकातली अशी इंग्लिश भांडी म्हणजे साधी भाजलेली माती. वर कथलाच्या झिलईचा पांढरा थर आणि त्यावर कोबाल्टचा निळा. हे डेल्फ्टवेअर. नाव डच गावाचं, पण भांडी लंडनच्या सदर्क, लॅम्बेथची आणि ब्रिस्टॉल, लिव्हरपूलचीही. इंग्लंडात पोर्सेलिन होऊ लागलं ते 1740 च्या दशकात, चेल्सी आणि बो इथे. आणि चीनसारखं केओलिन (एक पांढरी माती) वापरून ते करण्याचं पेटंट विल्यम कुकवर्दीने घेतलं 1768 मध्ये. तेव्हा लेखात आधी भांडं कशाचं ते सांगा, मग नक्षीकडे वळा.

दुसरं उत्तर: नक्षीला सरळ ‘चिनी शैली’ म्हणू या की.

पहिल्याच उत्तरकर्त्याकडून: मला ते पटत नाही. चिनी शैली जिंगडेजन या चीनमधल्या पोर्सेलिनच्या गावातल्या कारागिरांची. सदर्कमध्ये 1628 च्या सुमारास खडकावर बसलेला पक्षी रंगवू लागले, तो मिंग राजवटीतल्या चिनी भांड्यांवरून उतरवलेला होता, तिथवर ‘चिनी नक्षीची नक्कल’ म्हणता येईल. पण अठराव्या शतकातल्या फुलदाण्यांवर पॅगोडे, कुंपणं, छत्रीवाली माणसं येतात ती चीन कधीही न पाहिलेल्या चिताऱ्यांच्या मनातली. शिनवाझरी म्हणजे हा युरोपने कल्पिलेला चीन. मी ‘चिनी वळणाची नक्षी’ सुचवेन. मुलगी आईच्या वळणावर गेली म्हणतो, तेव्हा साम्य कळतं आणि ती वेगळी आहे हेही कळतं. पहिल्यांदा मूळ शब्द द्या, पुढे हे मराठी नाव वापरा.

प्रश्न: आणि फुलदाणीवरची ‘लाँग एलायझा’?

उत्तर: ते नाव तसंच ठेवा. उंच, सडपातळ चिनी स्त्रियांच्या आकृत्यांना डच लोक ‘लांगे लायझेन’ म्हणत. इंग्रजांनी त्यातल्या ‘लायस’ची एलायझा केली. ‘लांब एलायझा’ असं भाषांतर केलंत तर ही सगळी वाटचाल पुसली जाईल.

आणखी एक: विलो पॅटर्न, म्हणजे ताटांवरचं विलोचं झाड, पूल आणि दोन पक्षी असलेलं निळं चित्र, तोही चिनी वळणाचाच ना?

उत्तर: हो, अगदी. 1790 च्या सुमारास इंग्लंडातच जुळवलेला, ठशाने छापलेला. पारवे झालेल्या प्रेमिकांची गोष्टही तिथेच, नंतर रचलेली. तिला चिनी लोककथा म्हणू नका.