खोगीर बसत नाही: खाली घोंगडं वाढवावं की खोगीरच काढावं?

निपाणीकर: चार महिन्यांपूर्वी संकेश्वरात जुनं खोगीर 4,500 रुपयांना घेतलं. परवा चिकोडीहून आल्यावर पोटाखालचा पट्टा, तंग, सोडून खोगीर उतरवलं, तर घोडीची पाठ घामानं चिंब आणि दोन्ही खांद्यांमागं तळहाताएवढ्या जागा कोरड्या ठाक. तिथं बोट टेकलं की कातडी थरथरवते, कान मागं टाकते. नवं मापाचं घ्यायची ऐपत नाही. माझं मत, धनगरी घोंगड्याची आणखी एक घडी खाली दिली की भागतं.

खानापूरवाला: नाही दादा, साफ चूक. कोरडी जागा म्हणजे तिथं दाब इतका की घामच फुटला नाही. खोगीर पुढं अरुंद आहे. मनगटात रुतलेल्या बांगडीखाली कापड कोंबून बांगडी सैल होते काय? असा दाब राहिला की पुढं तिथं पांढरे केस उगवतात. माझ्या पहिल्या घोड्याच्या पाठीवर आहेत, खरारा करताना रोज दिसतात, रोज वाईट वाटतं. खोगीर विका. तोवर बसू नका, हातात धरून फिरवा.

अथणीचा: विकून ते दुसऱ्याच्या घोड्याला टोचणारच की! आधी तपासा. खाली काही न घालता ठेवा. मानेमागच्या पाठीच्या उंचवट्याच्या आणि खोगिराच्या मधे दोन-तीन बोटं जायला हवीत, कण्यावरची पोकळी मागपर्यंत मोकळी हवी, आणि खोगीर शेवटच्या, 18व्या बरगडीपलीकडं जाऊ नये. जाड तार खांद्याच्या हाडामागं पाठीवर वाकवून कागदावर आकार उतरवा. खोगीरभरती लोकरीची असेल आणि नुसत्या गाठी झाल्या असतील तर उसवून पिंजून परत भरता येते. मी इथल्या कोल्हापुरी चपला शिवणाऱ्या कारागिराकडून करून घेतलं, चामड्यात त्यांचा हात बसलेला असतो. खोगिराचा आतला कडक सांगाडा रुंद असेल तर घोंगडंही चालतं, त्याला सरसकट वाईट म्हणू नका. पावसाळ्यात पाठ भरते, उन्हाळ्यात उतरते, तेव्हा तेच उपयोगी पडतं.

खानापूरवाला: भरतीचं मान्य. पण सांगाडाच अरुंद असला तर लोकर पिंजून काय होणार?

निपाणीकर: तार लावून बघितली. आकार खोगिराच्या सांगाड्यात मावतच नाही, दोन्हीकडं बोटभर बाहेर. घोंगड्याचा हट्ट सोडला. विकणार, पण तो कागद सोबत देऊन, अरुंद पाठीच्या घोड्यालाच. मायाक्काच्या जत्रेला चिंचलीला तिच्यावर बसून जायचं मनात होतं. आता यंदा ती घरीच राहील, मी एसटीनं जाईन.