जुनी गाडी आणि जुन्या मालकाची पॉलिसी

धुळ्याहून घेतलेल्या कारची पॉलिसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे, चालेल का, असं विचारलंय. भाऊ, अर्धीच चालते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मुळे थर्ड पार्टी कव्हर, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई, गाडीसोबत तुमच्याकडे येतं. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. उद्या पारोळ्याजवळ केळीच्या ट्रकने बंपर उडवला आणि वर्कशॉपवाल्याने आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) न् पॉलिसी शेजारी ठेवली, की दोन नावं दिसली म्हणजे क्लेम अडकलाच. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलाचा अर्ज द्यायचा असतो. एजंट ‘रिन्यूवलला बघू’ म्हणतो, त्याचं ऐकू नका.

कुणीतरी असंही लिहिलंय की जुन्या पॉलिसीवरचा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, आयताच मिळाला. नाही मिळत. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणारा प्रमाणपत्र घेऊन आपल्या पुढच्या गाडीला लावतो, आणि नाव बदलताना तुमच्याकडून त्या सवलतीच्या फरकाची रक्कम घेतात. सौदा ठरवताना तेवढी धरूनच घासाघीस करा.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही तुमच्या नावाने वेगळा लागेल. आरटीओत मालकी बदलाचे फॉर्म २९-३० दिले असतील तर त्याची पोच जपून ठेवा, कंपनी तीच मागते.