८ महिने दूध, गहू, कांदा-लसूण, डाळी सगळं बंद, आता परत सुरू कसं करायचं?

लासलगावची_लेक:
नमस्कार मंडळी. माहेर लासलगाव, सासर नाशिक, राहायला इंदिरानगरला. मागच्या वर्षी पोटाने फार छळलं, जेवलं की तासा-दोन तासांत पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, कधी जुलाब तर कधी तीन-तीन दिवस काहीच नाही, संध्याकाळी ड्रेसची नाडी सैल करून बसायला लागायचं. सोनोग्राफी, रक्त वगैरे नॉर्मल आलं. मग ओळखीतल्या एकीने सांगितलं म्हणून कोणते पदार्थ सोसत नाहीत ते सांगणाऱ्या तपासणीचं, एका लॅबचं महागडं पॅकेज केलं, त्याच्या रिपोर्टात ३४ पदार्थ लाल रंगात. दूध, गहू, तूर, हरभरा, शेंगदाणे, बदाम, अजून काय काय. घाबरून सगळं बंद केलं, वर कांदा-लसूण पण.

आता ८ महिने ज्वारीची भाकरी, भात, भगर, दोडका, दुधी, अंडी एवढ्यावर आहे. फुगणं खूप कमी झालं हे खरंय पण वजन ९ किलो उतरलं, केस गळतात, आणि घरात माझा स्वयंपाक वेगळा, ताट वेगळं. लेक ६ वर्षांची आहे, ती विचारते आई तू आमच्यातलं का नाही जेवत. माहेरी गेले की आई कुकर दोनदा लावते आणि माझ्यासमोर कांदा चिरायला पण बिचकते, ते मला बघवत नाही.

मागच्या महिन्यात धीर करून घरच्यांसोबत रविवारी मिसळ खाल्ली, पूर्ण प्लेट, दोन पाव. दोन दिवस झोपून होते. तेव्हापासून कशालाच हात लावायची हिंमत होत नाहीये. कोणी यातून गेलंय का? सुरुवात कशाने करायची, किती खायचं, त्रास झाला तर तो पदार्थ कायमचा सोडायचा का? प्लीज सांगा.

मखमलाबादकर:
ताई, मी यातून गेलोय, दोन वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तो ३४ पदार्थांचा रिपोर्ट बाजूला ठेवा. त्या तपासण्या बहुतेक आयजीजी नावाच्या अँटीबॉडी मोजतात, आणि ती आपण जे नेहमी खातो त्याच्या विरुद्ध निरोगी माणसात पण सापडते. म्हणजे तुम्ही काय खाता एवढंच त्यातून कळतं, काय सोसत नाही ते नाही. ॲलर्जीच्या तज्ज्ञांच्या संघटना स्पष्ट सांगतात की या रिपोर्टवरून खाणं बंद करू नका. मी पण त्यात पैसे घातले होते, म्हणून कळकळीने सांगतोय.

दुसरं, मिसळ. तुम्ही एका प्लेटमध्ये सगळी परीक्षा एकदम दिलीत हो. मटकी आली, रश्शात कांदा-लसूण वाटलेला, पाव गव्हाचा, वर बेसनाची शेव, पुन्हा कच्चा कांदा, आणि तर्रीचं तेल-तिखट वेगळंच. त्यातल्या कोणामुळे झोपलात हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणजे त्या दिवशी गहू नापास झाला असं नाही की कांदा नापास झाला असंही नाही.

माझ्या आहारतज्ज्ञ मॅडमनी जी पद्धत करून घेतली ती मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी बसवलेली आहे, लो फॉडमॅप म्हणतात. काही साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्या पाणी ओढतात आणि मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, तिथे गॅस होतो. दुधातलं लॅक्टोज, गहू-कांदा-लसणातलं फ्रुक्टन, कडधान्यातली एक वेगळी साखर, फ्लॉवर-मशरूममधली वेगळी, आंबा-मधातली वेगळी. आणि मुख्य गोष्ट, यात बंद करायचा टप्पा फक्त २ ते ६ आठवड्यांचा असतो, ८ महिन्यांचा नाही! कारण हीच फ्रुक्टनं आपल्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाणं आहे, फार दिवस बंद ठेवली तर ते जंतू कमी होतात.

परत आणताना एका वेळी एकच गट. बाकी जेवण आत्ता आहे तसंच ठेवायचं. पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या दिवशी नेहमीएवढं. मग दोन-तीन दिवस काहीच नवीन नाही, पोट शांत झालं की पुढचा गट. मधेच जास्त त्रास झाला तर तिथेच थांबायचं, पण तो पदार्थ कायमचा सोडायचा नाही, दोन-तीन महिन्यांनी अजून कमी मापाने परत बघायचा. आणि एखादी गोष्ट पास झाली तरी बाकीच्या होईपर्यंत ती रोजच्या जेवणात घ्यायची नाही. मी तिथेच घाई केली, दूध सोसलं म्हणून रोज प्यायला लागलो आणि गव्हाच्या वेळी पोट दुखलं तेव्हा कशाने ते कळेना, सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

दुधापासून सुरू करा, मोजायला सोपं. पाव कप, अर्धा कप, एक कप. कांदा, लसूण, गहू एकाच गटातले असले तरी तिन्ही वेगवेगळे करा. वहीत वेळ लिहा, किती खाल्लं ते लिहा, त्या रात्री झोप झाली का तेही लिहा, कारण टेन्शनमध्ये आतडं वेगळंच वागतं. लग्नकार्य, प्रवास, पाळीचे दिवस सोडून निवडा.

पण ९ किलो ही लहान गोष्ट नाही. आधी पोटाच्या डॉक्टरांना परत दाखवा. शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, हिमोग्लोबिन कमी असलं काही असेल तर घरी प्रयोग नकोच.

सातपूरची_मावशी:
वरच्या दादांनी छान लिहिलंय, फक्त गव्हाबद्दल थांब गं बाई जरा. माझ्या भाचीला सिलिॲक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार. तिच्या आईने आधीच कुणाचं ऐकून गहू बंद केला होता, मग तपासणी केली तर नॉर्मल आली, कारण ती रक्ततपासणी, टीटीजी म्हणतात, गहू खाण्यात असतानाच करावी लागते नाहीतर चुकीची नॉर्मल येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीत पोरीला परत गहू खायला लावला तेव्हा कळलं, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा पण तपासला. सिलिॲक असेल तर परत सुरू करणं हा विषयच नाही, आयुष्यभर कणभर सुद्धा नाही. आम्ही तिची ज्वारी घरच्या छोट्या चक्कीत दळतो, गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाचं पीठ राहिलेलं असतं ना. तुला नुसतं फ्रुक्टन सोसत नसेल तर गिरणीतल्या एवढ्याशा पिठाने काही होणार नाही. तुझी जुनी फाईल काढ, गहू बंद करायच्या आधी ही तपासणी झालीय का बघ.

आणि कधी काही खाऊन अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील, धाप लागली असेल तर ती ॲलर्जी. ते घरी चाखून बघायचं नाही म्हणजे नाही.

पंचवटी_काकू:
बाळा, मी काही डॉक्टर नाही पण चाळीस वर्षं स्वयंपाक करतेय. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण नसतो. कार्तिकीनंतर पहिल्याच दिवशी मी भजी करत नाही, आधी आमटीत थोडासा, कारण चार महिन्यांनी सगळ्यांचीच पोटं गुरगुरतात. तू तर आठ महिने लांब आहेस.

लसणाची चव हवी असेल तर अख्ख्या सोललेल्या पाकळ्या तेलात मंद परतायच्या आणि बाहेर काढून टाकायच्या, मग मोहरी-जिरं. सून सांगते की ती त्रास देणारी साखर पाण्यात उतरते, तेलात नाही. म्हणून भाजी किंवा पाणी घालायच्या आधी पाकळी बाहेर, नंतर काढून उपयोग नाही. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग घे, पांढरा गड्डा नको. हिंग वापर, पण बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, मावशींच्या भाचीला ते चालायचं नाही.

डाळीचं पण तसंच, रात्रभर भिजवून ते पाणी फेक, शिजवलेलं पाणी पण ओत, घट्ट डाळ तेवढी घे. म्हणजे कटाची आमटी सगळ्यात शेवटी हं.

लासलगावची_लेक (६ आठवड्यांनी):
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, फाईलमध्ये टीटीजी सापडली, तेव्हा मी रोज पोळी खात होते आणि ती नॉर्मल होती. डॉक्टरांनी बाकी तपासण्या परत केल्या, बी१२ आणि लोह कमी निघालं, त्याची औषधं चालू आहेत आणि एका आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने सगळं केलं.

दूध अर्ध्या कपापर्यंत काही नाही, तिसऱ्या दिवशी पूर्ण कप प्यायले तर तासाभरात गुरगुर आणि दोनदा जावं लागलं. म्हणजे चहा मिळाला! गहू पहिल्या दिवशी अर्धी पोळी, मग एक, मग दोन, काहीच झालं नाही, तिसऱ्या रात्री मी पोटावर हात ठेवून जागीच होते, वाट बघत होते दुखायची, ते दुखलंच नाही. आठ महिने उगाच घाबरले गव्हाला. लसूण मात्र अर्धी पाकळी खाल्ली तरी रात्रभर पोट टाईट, म्हणजे काकूंचं तेलच बरं. कांदा शिजवलेला एक मोठा चमचा चालतो, दोन चमच्यांना फुगले, म्हणून तिसऱ्या दिवशी केलाच नाही.

रविवारी माहेरी गेले होते. बाबा कांदाचाळीतून एक कांदा घेऊन आले, ओट्यावर ठेवून बुक्कीने फोडला, वरचं साल बाजूला केलं आणि काही न बोलता माझ्या ताटात दोनच पाकळ्या ठेवल्या, बाकीचा स्वतः घेतला. आईने वांग्याचं भरत लसणाशिवाय सगळ्यांसाठी एकच केलं होतं. दोन्ही पाकळ्या भाकरीबरोबर खाल्ल्या. लेक शेजारी बसली होती, तिला तिखट लागला तरी माझं बघून एक चावून बघितला.

आता पुढच्या सोमवारपासून मूगडाळ. काकू, पाव वाटीने सुरू करू की अजून कमी?

पंचवटी_काकू:
दोन चमच्यांनी कर. भिजवलेलं पाणी फेकून. आणि दुपारच्या जेवणात घे, रात्री नको, म्हणजे काय होतंय ते जागेपणी कळेल.