म्होरक्या कसला निवांत?
एकटं पडलेलं जनावर कुढतं आणि कळपाचा म्होरक्या मात्र मजेत, असं म्हणतात, पण मला ते अर्धंच पटलं. केनियात अंबोसेलीला १९७१ पासून बबून माकडांचा अभ्यास चालूय, माकड न पकडता नुसत्या विष्ठेतून हार्मोन मोजतात (काय काय करावं लागतं बिचाऱ्यांना!), तर २०११ मध्ये निघालं असं की कळपातल्या एक नंबरच्या नराचा, म्हणजे म्होरक्याचा, स्ट्रेस हार्मोन दोन नंबरवाल्यापेक्षा बराच जास्त, सारखी मारामारी आणि माद्यांवर पहारा, दुसरं काय होणार.

नंतर डीएनएवरून वय काढलं तर वरच्या नंबरचे नर आहेत त्यापेक्षा म्हातारे दिसले, आणि नंबर घसरला की म्हातारपणाची गाडी जरा मंदावते. माद्यांच्या बाबतीत मात्र एकटेपणाचं ते म्हणणं खरंच, ज्यांना जवळच्या मैत्रिणी त्या जास्त जगतात.