स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी अमेरिकेतील स्थानिक पोलिसांनी करावी का?

वाटसरू

अमेरिकेच्या संघीय स्थलांतर कायद्यात १९९६ साली आलेल्या २८७(जी) या कलमामुळे राज्य, काउंटी (जिल्ह्यासारखा स्थानिक विभाग) आणि शहर पातळीवरील पोलिसांना केंद्राशी करार करून, त्याच्या देखरेखीखाली, स्थलांतर अधिकाऱ्यांची काही कामे करता येतात. गस्तीवरील पोलिसालाच हे अधिकार देणारा 'टास्क फोर्स' हा कराराचा प्रकार २०१२ मध्ये थांबवला गेला होता. २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि करारांची संख्याही झपाट्याने वाढली. हे काम स्थानिक पोलिसांवर सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे.

गुन्ह्यांचा तपास लोकांनी दिलेल्या माहितीवर चालतो. नवऱ्याचा मार खाणारी बाई पोलिसांना फोन करण्याआधी स्वतःच्या कागदपत्रांचा विचार करू लागली, तर फिर्याद होत नाही, साक्षीदार मिळत नाही आणि मारणारा मोकळा राहतो. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी हे १९७९ मध्येच ओळखले होते. केवळ स्थलांतर दर्जा शोधून काढण्यासाठी पोलिसांनी कोणावरही कारवाई सुरू करू नये, असा 'स्पेशल ऑर्डर ४०' तेव्हा निघाला. तो ज्यांच्या कारकिर्दीत निघाला ते पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स मवाळ म्हणून कधीच ओळखले गेले नाहीत.

दक्ष

आपण रस्त्यावरच्या गस्तीचे बोलत आहात. खरा प्रश्न तुरुंगाचा आहे. अटक झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे संघीय यंत्रणेकडे जातातच. तो देशात बेकायदा राहत असल्याचे आढळले, तर 'आइस' ही संघीय संस्था त्याला सुटकेच्या वेळेनंतर ४८ तासांपर्यंत थांबवून ठेवण्याची विनंती, म्हणजे डिटेनर, पाठवते. काउंटीने ती नाकारली की त्याच माणसाला पकडण्यासाठी अधिकारी वस्तीत शिरतात, आणि ज्यांचा कशाशीही संबंध नाही असे शेजारीही त्यात सापडतात. स्थलांतरितांच्या भल्यासाठी 'आइस'ला तुरुंगाचे दार बंद ठेवणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे.

आपण सांगितलेल्या त्या बाईची सोयही कायद्यात आहे. तपासाला मदत करणाऱ्या पीडितांसाठी २००० सालापासून 'यू व्हिसा' आहे. संसदेने केलेला कायदा गैरसोयीचा वाटतो म्हणून एखाद्या शहराने तो पाळायचे टाळले, तर उद्या दुसरे शहर दुसरा कायदा टाळेल.

संहिता

शेवटच्या वाक्याला माझी कायदेशीर हरकत आहे. सहकार्य न करणे म्हणजे कायदा मोडणे नव्हे. १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला स्थानिक अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपता येणार नाही, असे ठरवले. तो खटला बंदूकखरेदीआधीच्या तपासणीविरुद्ध शेरीफांनीच, म्हणजे काउंट्यांच्या पोलीसप्रमुखांनीच, लढवला होता, हे विसरू नये. शिवाय वैध परवान्याशिवाय देशात नुसते राहणे हा सर्वसाधारणपणे फौजदारी गुन्हा नाही. २०१२ मध्ये ॲरिझोना राज्याच्या बेकायदा स्थलांतराविरुद्धच्या एसबी १०७० कायद्याची आव्हान दिलेल्या चारपैकी तीन कलमे न्यायालयाने रद्द केली, तेव्हा हा मुद्दाही न्यायालयाने मांडला होता. (चौथे कलम, म्हणजे कायदेशीररीत्या अडवलेल्या माणसाचा दर्जा संशय आल्यास तपासण्याचे, तेव्हा टिकले.)

डिटेनरबद्दलही तसेच. २०१४ मध्ये ओरेगॉनमधील संघीय न्यायालयाने, केवळ डिटेनरच्या आधारावर एका महिलेला कोठडीत ठेवणाऱ्या क्लॅकमस काउंटीला चौथ्या घटनादुरुस्तीचा (अवाजवी झडती व अटकेपासून संरक्षण देणाऱ्या तरतुदीचा) भंग केल्याबद्दल जबाबदार धरले. विनंती केंद्राची होती, पण दायित्व काउंटीवर आले.

वाटसरू

यू व्हिसाबद्दल एवढेच सांगतो की वर्षाला मुख्य अर्जदारांसाठी १०,००० ही त्याची मर्यादा आहे आणि अर्जदार वर्षानुवर्षे ताटकळतात. रात्री फोन करू की नको, हे ठरवणाऱ्या बाईला त्याचा काय आधार?

ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीचा अनुभव तर ताजाच आहे. शेरीफ जो अर्पायो यांच्या खात्याने लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या) वाहनचालकांना वंशावरून लक्ष्य केल्याचा निकाल संघीय न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. त्या खात्याकडे २८७(जी) करार होता, प्रशिक्षण घेतलेले लोक होते. कातडीचा रंग आणि उच्चार पाहून संशय घ्यायची सवय प्रशिक्षणाने गेली नाही. अशा वेळी अडवले जाणारे कितीतरी जण जन्माने अमेरिकी नागरिक असतात, याचा मला मनापासून संताप येतो.

दक्ष

मॅरिकोपात जे झाले ते निंद्यच होते, आणि गस्तीवरच्या पोलिसांना हे अधिकार देण्याचा आग्रह मी धरत नाही. पण त्यावरून तुरुंगातील हस्तांतरणही थांबवावे, हे मला पटत नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटणाऱ्या माणसाच्या सुटकेची वेळ केंद्राला कळवण्यात वंशाचा प्रश्न येतो कुठे?

वाटसरू

शिक्षा झालेल्यांपुरते असेल, आणि न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट असेल, तर माझी हरकत नाही. आजचे स्थलांतर वॉरंट मात्र त्याच यंत्रणेतला अधिकारी स्वतः सही करून काढतो. ती अट आपल्याला मान्य आहे का?

दक्ष

शिक्षा झालेल्यांपुरते, हे मान्य. न्यायाधीशाच्या सहीची अट मान्य नाही. हद्दपारीची प्रक्रिया दिवाणी आहे, असे वर संहिता यांच्याच मुद्द्यातून निघते, आणि दिवाणी प्रक्रियेला फौजदारी वॉरंटची अट घातली की हस्तांतरण कागदावरच राहील.

संहिता

प्रक्रिया दिवाणी आहे म्हणूनच तर माणसाला कोठडीत अडकवून ठेवण्याचा स्थानिक पोलिसांचा अधिकार तोकडा ठरतो. सुटकेची वेळ कळवणे वेगळे आणि सुटका झाल्यावरही दार न उघडणे वेगळे. पहिल्याला माझा विरोध नाही, दुसऱ्याला आहे.